चहावर साय धरायलीय

न्हाई माधवराव, जीप उभी राहू द्या बाहेर, डायव्हरला समोरच्या हॉटेलात माझं नाव सांगून भजे खायला लावा—पण सुमंगला काही येत न्हाई तुमच्यासंगं. लिहून देऊ का? बसा. चहा घ्या. थोरले भाऊ तुमी तिचे, सकाळच्या पारी पालमहून निघून सेलूला आलात, तुमच्या मानाला मी कधी कमी केलं का? न्हाई ना? मग. पण ते देवाचं ठाणं, ते एक्केचाळीस दिवस, ती खांबाला साखळी—ते माझ्या बायकोसाठी न्हाई. बाहेरची बाधा म्हणता? आवो, सात महिने झाले ती उंबऱ्याबाहेर गेलेली न्हाई, बाधा काय पत्ता विचारत आली व्हय? हसा की थोडं. न्हाई हसत? बरं, नका हसू.

चूक आमच्याकडून झाली न्हाई असं मी म्हणत न्हाई. झाली. माझ्याकडूनच झाली. मी सातवी नापास माणूस, जे शिकलो ते गादीवर बसून शिकलो, आणि गादीनं एकच शिकवलं—गिऱ्हाईक उठायला लागलं की आपण आणखी बोलायचं. जिंतूरचं एक गिऱ्हाईक आलं होतं दुखवट्याचं लुगडं घ्यायला, त्याला मी शालू बांधून दिला होता—म्हणलं, लेकी आहेत ना घरात, कधी तरी लागंलच की! असा मी. तर सुमंगला जेवीना, उठीना, न्हाईना, भिंतीकडं तोंड करून पडलेली—मी काय केलं? दुकानच नेलं तिच्यापुढं. अकरा पातळं. पलंगावर एकेक घडी मोडली, पदर दाखवला, काठ दाखवला, हे बघ हे तुझ्या रंगाला, ऊठ की, नेस की, काय कमी हाय गं तुला, लोकांच्या बायका बघ—आणि हे एक दिवस न्हाई, रोज. अकरावं पातळ उलगडलं तेव्हा तिनं विचारलं, ‘कोणासाठी?’ एवढंच. आणि मला त्या पातळाची घडी घालता येईना, माधवराव. चाळीस वर्षं गेली कापडात—घडी घालता येईना.

औरंगाबादच्या डॉक्टरानं घरी येऊन गोळ्या लिहून दिल्या. म्हणला, दुखणंच हाय हे, जसं काविळीचं असतं तसं, पण गोळी देणारं आणि जवळ बसणारं माणूस पायजे. ते माणूस म्हणजे तानुबाई. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली सिस्टर. तिनं पहिल्याच दिवशी मला परसात बोलावलं. म्हणली, ‘शेठ, तुमी लय बोलता. तुमचं एकेक बोलणं ताईंना उचलून ठेवावं लागतं, आणि तेवढी ताकद त्यांच्यात उरली न्हाई.’ मला! पन्नाशीच्या माणसाला! राग आला? आला ना. पण मग मी बघत बसलो, ती करते काय. गोळी हातावर ठेवायची, गिळेपर्यंत थांबायचं, मग अर्धा तास नुसतं शेजारी बसायचं—बोलणं न्हाई, काही न्हाई, हातात उसवलेलं पोलकं. पहिला आठवडा काम एकच—पलंगावरून पाय खाली सोडून बसणं. बस. त्यालाच आठवडा. मग वेणी. मग परसात दहा पावलं. ‘उठा’ म्हणून कधी म्हणत न्हाई ती. ‘मी परसात चाललेय ताई, येता का?’ म्हणते. न्हाई आली तर न्हाई आली, उद्या परत तेच. आणि आमाला ताकीद—कौतुक करायचं न्हाई. आज कौतुक केलं की उद्याचं ओझं चढतं म्हणे.

आणि एकदा तर तिनं माझ्यादेखत सरळ विचारलं—‘ताई, जिवाचं काही करून घ्यावं वाटतं का?’ असं विचारतं का कुणी? सात महिने आमी घरात तो शब्द टाळून चालत होतो, अंधारात पाय वाचवावा तसं. आणि सुमंगला म्हणली, ‘हो.’ म्हणली आणि रडली—पहिल्यांदा. तानुबाई उठली न्हाई तिथून. तिथंच बसली, हात धरून.

हे तुमची देवमाणसं करतात का? सांगा. साखळीला विचारता येतं का?

काय? कोंडून ठेवते? तानुबाई? हां—कस्तुराबाईनं शेजारधर्म पाळला म्हणायचा, पालमपर्यंत पोचवलं! त्या दारावर चार भोकं दिसायलीत ना? कडी होती तिथं, बाहेरून. ती कडी तानुबाईनं काढली, आल्या दिवशी, माझ्याकडून पेचकस मागून घेऊन. आणि लावली कुणी—

मी लावली.

लग्नसराई होती. दुकानात पाय ठेवायला जागा न्हाई, घरात दुसरं माणूस न्हाई, मला भीती वाटली, आणि—चार दिवस. सकाळी लावायचो, दुपारी येऊन काढायचो. घ्या, सापडलं तुमाला. हे बोलणार नव्हतो मी आज. काढा जोडा, मारा, मी हलणार न्हाई. पण एकदा मी केलं ते दुसऱ्यांदा तुमाला करू देणार न्हाई. तुमची साखळी आणि माझी कडी एकाच दुकानातली हाय, माधवराव.

आता खरी तकरार बोला की. कधीची ओठावर अडकलीय. तानुबाई आमच्या स्वयंपाकघरात जाते, हेच ना? नऊ वर्षं झाली त्या नामांतराच्या दंगलीला. तिचं घर गावानं जाळलं. दुसऱ्या दिवशी बाई ड्यूटीवर. आणि पट्ट्या कुणाला बांधल्या? जाळताना ज्यांचे हात भाजले त्यांना. मी म्हणलं, बाई, कसं जमलं? तर म्हणे, ‘भाजलंय तर पट्टी लागणारच की.’ आमच्याकडूनच पांढरी पातळं न्यायची ती, वीस वर्षं. पायरीवर उभी राहून. मीही कधी वर या म्हणलो न्हाई—हेही निघालं बघा तोंडातून.

मघापासून बघतोय, तुमी कपाला हात लावलेला न्हाई. चहावर साय धरायलीय. तिच्या हातचा वाटला? तिच्या हातचा मी रोज पितो, माझं काही गळून पडलं न्हाई. पण हा तिचा न्हाई.

हे सांगायचं नव्हतं. तानुबाईनं बजावलं होतं, गाजावाजा करायचा न्हाई म्हणून. पण तुमी तसेच उठून गेलात तर—

सुमंगलानं केलाय. मघाशी मी पाऊसपाण्याचं मोठ्यानं बोलायलो होतो ना, आत स्टो पंप करायचा आवाज आला म्हणून बोलायलो होतो. मग कप आणायला आत गेलो. तानुबाईनं नुसतं दुधाचं पातेलं पुढं सरकवलं. सात महिन्यांत पहिल्यांदा. ‘दादाला साखर जास्त लागते’—आपणहून म्हणली. तुमाला साखर जास्त लागते हे तिच्या ध्यानात हाय अजून, माधवराव.

कप न्यायला तीच येणार आता. आजचं काम हाय तिचं ते. भरलेला न्यायचा का रिकामा, ते तुमच्या हातात. गोड झाला म्हणू नका. बरी हायेस का म्हणू नका. डोळे पुसा आधी, रडायचं पण न्हाई. रोजच्यासारखं प्यायचं आणि कप खाली ठेवायचा, बस—मी तर—

बांगड्या वाजल्या. आली.

मी गप.