बुश आवळायला ही बसली

आम्ही मूळचे भुसावळकडचे, आजोबा रेल्वेत लागले आणि बडोद्याला आले ते इथलेच झाले, माझा जन्म प्रतापनगरच्या क्वार्टरमधला आणि मीही तिथल्याच वर्कशॉपातून फिटर म्हणून रिटायर झालो, त्यामुळे काय सांगू तुम्हाला, लोखंडाचं काम दुसऱ्याच्या हातात द्यायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं.

तर आमची गाडी. जुनी आहे, पण माझी आहे. पुढून खडखड यायला लागली, जरा खड्डा आला की खडाक. चाक धरणारा लोखंडी हात असतो ना, लोअर आर्म म्हणतात त्याला, तो गाडीला जोडतो तिथे रबराचे बुश असतात, ते गेले होते. मी घरीच बदलले, अंगणात, गाडी जॅकवर उचलून, नवे बुश साबणाचं पाणी लावून वाइसच्या लोखंडी जबड्यात दाबून बसवले, आणि गाडी वर आहे तोवरच सगळे बोल्ट असे आवळले की माझे मलाच सुटले नसते. वर्कशॉपचा हात आहे हा. ही म्हणाली, झालं का हो एकदाचं? मी म्हटलं, आता आपण असेपर्यंत बघायला नको.

महिन्यात परत खडाक. तेही कुठे, तर भर अलकापुरीत, हिच्या भाचीच्या लग्नाला निघालेलो, ही शालू नेसून बाजूला. थांबवा म्हणाली, उतरली, रिक्षा केली आणि रिक्षातूनच सांगितलं, या खटाऱ्यात मी परत पाय ठेवणार नाही. आणि पाळलं हो तिने! कुठेही जायचं तर ही रिक्षाने, मी मागून गाडीने, लोक विचारायचे, भांडलात का. हसू नका, इतकी वर्षं बाजूला बसलेलं माणूस नसलं की ती रिकामी सीट खायला उठते.

परत बुश आणायला गेलो तर दुकानातला बकुलभाई फाटलेलं रबर बघून म्हणतो, काका, हवामां टाइट कर्युं ने? म्हणजे चाक लटकत असताना आवळलं की गाडी खाली टेकल्यावर रबर पिळवटतं आणि फाटतं, शेवटचं आवळायचं ते गाडी चाकांवर उभी करून, आत माणूस बसवलं तर अजून सारुं.

नवे बुश घातले, बोल्ट सैलच ठेवले. आत बसायला आमच्या सोसायटीत वजनदार माणसं काही कमी नाहीत, पण मी हिलाच विचारलं. म्हटलं, गाडी कुठे जाणार नाही, चाकं जाड फळ्यांवर चढवलीत, मागेपुढे विटा लावल्यात, तू नुसती बस. अहो, पण मी पाय ठेवणार नाही म्हटलंय. म्हटलं, ते प्रवासाचं, ही उभी गाडी आहे. बराच विचार केला आणि बसली, मांडीवर वालपापडी निवडायचं ताट घेऊन. मी खालून ओरडतोय, हलू नकोस, आणि वरून हिचं चालू, तुमच्या बहिणीला फोन केलात का, गच्चीचा नळ कधी दुरुस्त करणार.

आवळून झालं तरी ही उतरेना. म्हणाली, आता बसलेच आहे तर नागरवाड्यात माझ्या ताईकडे सोडा.

सोडलं की! रस्ताभर खडाक नाही की खुट्ट नाही. आता रोज बसते, आणि गाडी इतकी शांत झालीय की हिचा शब्दन् शब्द ऐकू येतो. पूर्वी ऐकूच आलं नाही म्हणायची सोय होती, ती गेली. जाऊ दे. बाजूला बसून बोलते तर आहे, देव तिला अशीच बोलती ठेवो.