तुळसा नाय कोण आमच्याकडं

नाव विचारले असता दोन सांगितली. तुळसा भिकाजी शेलार आणि सौ. सलोनी मंगेश उतेकर. एकच सांगा असे म्हटल्यावर, त्या दोन नावांपायीच मी इथवर आले आहे, एक सांगून कसे भागेल, असे उत्तर दिले. वय ३२ वर्षे. धंदा मजुरी, औषध कंपनीत पॅकिंग, ठेकेदारामार्फत. राहणार उतेकरवाडी, ता. पोलादपूर. माहेर नाते, ता. महाड. जि. रायगड.

मला पोलीस ठाण्यात कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून, कामावर खाडा करून, सासूबाई रंगूबाई यांना बरोबर घेऊन आले आहे, आणि हवालदार भाऊंच्या समोर बसून सांगते ते असे:

महाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीला कामगार पुरवण्याचा ठेका मुरारी चिकणे यांचा आहे. आम्ही त्यांना मुरारीशेठ म्हणतो. लग्नाच्या आधीपासून मी त्यांच्याकडे आहे. त्यांच्या ऑफिसात पगार, कामगारांचा प्रॉव्हिडंट फंड, विमा, कर हे सगळे काम नबीला सोहेल मुकादम बघतात. त्या महाड शहरात राहतात, त्यांचे यजमान कुवेतला असतात. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. मागच्या दिवाळीपासून मुरारीशेठ गुडघेदुखीने घरी बसले आणि त्यांचे पुतणे विपुल चिकणे मुंबईहून येऊन ठेका बघू लागले.

विपुलशेठ यांनी मॅडमवर तक्रार दिली आहे. तुळसा शेलार नावाची बोगस कामगार मॅडमनी कागदावर उभी केली, दर महिन्याला तिच्या नावाने फंड भरला, आणि गेटवर रोज येणारी सलोनी उतेकर हिचा फंड मात्र कुठेच नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यावरून मॅडमना आज सकाळपासून इथे चौकशीला बसवले आहे. त्यावर माझे म्हणणे एवढेच की तुळसा बोगस नाही. ती मी आहे. सलोनीही मीच आहे. या खुर्चीत एकच बाई बसली आहे, पाहिजे तर मोजून घ्या.

दोन नावे कशी, असे विचारल्यावरून सांगते. आमच्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवे नाव लिहितो. मंगेश तेव्हा मुंबईत लिफ्टच्या कामावर होते. तिथे कुठे ऐकले कोण जाणे, 'सलोनी' लिहिले. माझी मावशी ताटात वाकून म्हणाली, "ह्यात लोणी कुठनं आलं गो?" सगळा मांडव हसला. मला रडू येत होते, पण मीही हसले. सासूबाईंनी त्याच दिवशी सर्वांना बजावले, "आजपासून तुळसा म्हणायचं नाय कोणी. माहेरचं नाव घेतलं की सुनेचं मन माहेराकडं पळतं." तेव्हापासून वाडीत ते नाव कोणाच्या तोंडी आलेले नाही. मंगेश यांच्या नाही, माझ्याही नाही.

आधार कार्ड, बँक आणि फंडाचा नंबर लग्नाआधीचे, म्हणून तुळसा नावाचे. रेशन कार्ड सलोनी नावाचे. गेटपासही सलोनी नावाचा, कारण लग्नाची सुट्टी संपवून कामावर आले तेव्हा सुपरवायझरने हातातला हिरवा चुडा बघून विचारले, "काय गो, नवीन नाव काय ठेवलंन?" आणि पास त्याच नावाचा केला.

मी तेव्हाच मॅडमना सांगितले होते की फंडावरही सलोनी करा, सासरची माणसे बोलतील. मॅडम म्हणाल्या, "नाव गोड आहे गं, पण फंडाला गोडी कळत नाही. आधारवर असेल तेच नाव तिथे लागतं. तू आधार बदलून आण, मग एकदम सगळीकडे बदलू. अर्धं इकडे अर्धं तिकडे केलं तर तुझे पैसे मधल्यामध्ये लटकतील." आधारवर पहिले नाव बदलायचे तर सरकारी गॅझेटमध्ये छापून आणावे लागते, असे कळले. मंगेश म्हणाले, "होईल सावकाश." ते अजून सावकाशच चालले आहे. मॅडम मात्र पगारपत्रकावर माझ्या नावापुढे कंसात 'सलोनी' लिहीत असत. ते मागाहून घुसवले असे विपुलशेठ म्हणतात. त्यांना काय, ते दिवाळीत आले.

मॅडमचे ऐकले म्हणून माझे काय भले झाले ते लिहून घ्यावे, अशी विनंती केली. माझ्या मुलीच्या वेळी बाळंतपणाची रजा मिळाली आणि त्या रजेचा पगार विम्यातून घरबसल्या खात्यात आला. सासूबाईंना खरे वाटेना. "काम नाय आणि पगार? कोण येडा देतो गो?" असे त्या म्हणाल्या. कोणी वेडा देत नव्हता. दर महिन्याला माझ्या पगारातून थोडे आणि मुरारीशेठकडून जास्त, असे मॅडमनी वेळेवर भरले होते, ते माझ्या कामी आले. विम्याच्या कार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव एक होते म्हणून कुठे अडले नाही. फक्त विम्याच्या दवाखान्यात "तुळसा शेलार" असा पुकारा झाला तेव्हा मी जागची हललेच नाही. कोण बाई आहे, उठत का नाही, म्हणून मीच इकडेतिकडे बघत होते. शेवटी मंगेश यांनी कोपर मारले.

हवालदार भाऊ म्हणाले, मुद्द्यावर या. मुद्द्यावरच आहे. मॅडम कशा आहेत ते कळल्याशिवाय तक्रार खोटी कशी ते कळायचे नाही.

पुराच्या वर्षी महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरले तेव्हा मुरारीशेठचे ऑफिस छतापर्यंत बुडाले. मॅडमच्या स्वतःच्या घरात गुडघाभर चिखल होता. आम्ही बायका फावडी घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर बाई घरात नाहीत. माणगावला गेल्या होत्या, तिथे लाईट होती. आमच्या फंडाचे आणि विम्याचे चलन भरून संध्याकाळी परत आल्या आणि मग पदर खोचून चिखल काढायला लागल्या. मुरारीशेठ म्हणाले, "बाई, गाव वाहून गेलं आणि तू चलन भरत फिरतेस?" मॅडम म्हणाल्या, "शेठ, चिखल उद्याही काढता येतो. पंधरा तारीख उलटली की तुम्हाला व्याज लागेल आणि ह्यांच्या खात्यात खंड पडेल." मुरारीशेठनी हात जोडले. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आणखी एक. दोन-तीन वर्षांपूर्वी एका महिन्यात आम्हा बायकांचा पगार थोडा जास्त आला. आम्ही घाबरलो, चुकून आला असेल, पुढच्या महिन्यात दामदुपटीने कापतील. विचारायला गेलो तर मॅडम हसल्या. सरकारने नियम बदलला होता, आमच्याएवढा पगार असलेल्या बायकांना आता व्यवसाय कर नाही. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. कोणी मागितले नव्हते, कोणी भांडले नव्हते, त्यांनी आपण होऊन कापणे बंद केले. अशी बाई दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही, हे मी इथे शपथेवर सांगायला तयार आहे.

आता भांडण कशावरून ते सांगते. मागच्या महिन्यात आम्ही चारपाच जणी गणवेश घ्यायला ऑफिसात गेलो होतो. विपुलशेठ आणि मॅडम आत बोलत होते, दार उघडे होते. विपुलशेठ यांना कामगारांची ने-आण करायला नवीन बस घ्यायची होती. ते म्हणाले, या महिन्यातले कापलेले पैसे बसला देऊ, सुपरवायझरचा इन्कमटॅक्सही राहू द्या, पुढच्या महिन्यात सगळे एकदम भरू, कोण विचारतो. मॅडम म्हणाल्या, सुपरवायझरचा टॅक्स भरून झाला, त्याची मुदत सात तारखेची होती. राहिलेल्या पैशाला हात लागणार नाही. विपुलशेठ म्हणाले, "अहो आपलेच पैसे आहेत ना?" तेव्हा मॅडम जे बोलल्या ते मला पाठ आहे. "पगारातून कापला तेव्हाच तो पैसा कामगारांचा झाला आणि सरकारचा झाला. आपण पोस्टमन आहोत, विपुलशेठ. पोस्टमनने वाटेत चहा प्यावा, पण मनिऑर्डर पिऊ नये."

आम्ही बाहेर खुदकन हसलो. आमच्या प्रत्येकीच्या घरी मुंबईची मनिऑर्डर आलेली आहे, आम्हाला ते बरोबर कळले. विपुलशेठ यांनी मागे वळून बघितले. त्यांचे तोंड एवढेसे झाले. मला वाटते हे प्रकरण तिथूनच सुरू झाले. वाटते ते सांगू नका असे हवालदार भाऊ म्हणाले. बरे, मग मी ऐकले तेवढेच लिहा.

त्यानंतर विपुलशेठ यांनी गेटवरची हजेरी आणि फंडाची यादी समोरासमोर ठेवली असावी. ते पॅकिंगमध्ये येऊन विचारून गेले, तुळसा शेलार कोण? मी तेव्हा दुसऱ्या पाळीला होते. बायकांनी सांगितले, अशी आमच्यात कोणी नाही. त्या खोटे बोलल्या नाहीत, त्या माझ्या लग्नानंतर कामाला लागलेल्या, त्यांना मी सलोनी म्हणूनच माहीत. मग परवा ते फंडातला पत्ता शोधत उतेकरवाडीत आले; पत्ता मॅडमनी लग्नानंतर सासरचा करून घेतला होता. एक माणूस मोबाईल धरून बरोबर होता. अंगणात सासूबाई भात वाळत घालत होत्या. विपुलशेठ यांनी विचारले, "तुळसा शेलार इथे राहते का?" सासूबाई म्हणाल्या, "तुळसा नाय कोण आमच्याकडं. तुळस हाय ती वृंदावनात, बघा जावा." तोच व्हिडिओ त्यांनी तुमच्याकडे पुरावा म्हणून दिला आहे.

मी घरी आले तेव्हा सासूबाईंनी मोठ्या तोऱ्यात सांगितले, "मेला कोण आलता शर्ट-पँटवाला, तुझं माहेरचं नाव घेऊन विचारीत होता. मी हाकलला." मी कपाळाला हात लावला. त्यांना वाटले होते, आपण सून राखली.

आज सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर कळले की मॅडमना ठाण्यात नेले. मी तशीच उतरले, घरी गेले, सासूबाईंना म्हटले, चला. कुठे, ते विचारू नका. वाटेत सगळे सांगितले. त्या महाड येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, ही गोष्ट आमच्या घरात पहिल्यांदाच घडली.

आम्ही आलो तेव्हा मॅडम बाकावर बसल्या होत्या. डबा तसाच होता. मला बघून त्या रागावल्या. "तू कशाला आलीस? तुझं काम जाईल. विपुलशेठ ठेवायचे नाहीत तुला." त्यांनी मला बोलावून घेतले असते तर त्या सकाळीच सुटल्या असत्या. पण त्यांनी मला निरोपसुद्धा धाडला नव्हता, माझा रोज बुडेल, नोकरी जाईल म्हणून. माझे काम जाईल हे मलाही कळते. गेले तर गेले. असल्या बाईला लबाड म्हणू देऊन मी घरी भाकऱ्या थापत बसू काय?

मग मॅडमनी हवालदार भाऊंकडे आपला मोबाईल मागितला. कशाला, असे विचारल्यावर म्हणाल्या, "आज पंधरा तारीख आहे. मला आत टाकायचं तर टाका, पण आधी ह्यांचं चलन भरू द्या." हवालदार भाऊंनी त्यांच्याकडे बघितले आणि मोबाईल दिला. मॅडमनी मुरारीशेठना घरी फोन लावला, त्यांच्या मोबाईलवर आलेला बँकेचा ओटीपी नंबर विचारून घेतला आणि ज्या पुतण्याने त्यांना इथे बसवले त्याच्याच ठेक्याचा फंड आणि विमा याच बाकावर बसून भरला. माझाही भरला, तुळसा नावाने. मग डबा उघडला. हे हवालदार भाऊंनी स्वतः पाहिले आहे, तेव्हा यात मी काही वाढवून सांगितलेले नाही.

माझे आधार कार्ड, गेटपास आणि रेशन कार्ड दाखवले आहे. फोटोत मीच आहे, जरा बारीक होते तेव्हा.

यानंतर हवालदार भाऊंनी सासूबाईंना समोर बोलावून विचारले, ही बाई कोण? सासूबाई म्हणाल्या, "माझी सून." नाव काय, असे विचारले.  त्यांनी पदर डोक्यावरून नीट केला. पुन्हा विचारले. मी म्हटले, "आई, राहू द्या, मी सांगते." त्यांनी हाताने मला थांबवले आणि म्हणाल्या, "लिवा साहेब. तुळसा. तुळसा भिकाजी शेलार. तिच्या बापानं ठेवलेलं नाव हाय. मी नाय म्हनली व्हती, ती माझी चूक. त्या मुसलमान बायचा काय दोष नाय. तिनं माझ्या सुनंचं नाव जपलंन, मी पुसलं."

माझ्या अंगावर काटा आला. हे लिहू नका असे मी म्हटले होते, तरी लिहिले आहे. असू द्या.

हवालदार भाऊंनी वरचा सगळा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. माझी बोली काही ठिकाणी त्यांनी सरळ केली आहे, तिला माझी हरकत नाही. मी बोलले तेच यात आहे, आणि ते खरे आहे. कोणते नाव लावू असे विचारल्यावरून दोन्ही लावते.

सही: तुळसा भिकाजी शेलार
सही: सलोनी मंगेश उतेकर

ओळख पटवणार: रंगूबाई उतेकर, डाव्या हाताचा अंगठा.
नाते काय, असे विचारले असता लिहून घेण्यास सांगितले: तुळसाची सासू.