लालबागच्या फरसाणवाल्याची चिमणी

आमच्या ऑफिसात प्रत्येकाला हिशेबात थोडं जास्त धरायची खोड आहे, आणि परवा त्या खोडीनेच आम्हाला वाचवलं. लालबागच्या एका फरसाणवाल्याच्या नव्या भट्टीला चिमणी हवी होती. पाइपच्या गॅसमध्ये काय काय मिसळलंय ते बघून, जळल्यावर धूर किती होणार, हा हिशेब आमच्या प्रशांतने केला. चिमणी चढली, भट्टी पेटवणार, तेवढ्यात प्रशांत माझ्या कानात म्हणाला, "मेलो रे! मी धूर थंड धरला. गरम धूर फुगून दीडपटीच्या वर जातो, ते राहिलंच."

"म्हणजे?"

"म्हणजे चिमणी अरुंद. धूर उलटा आत येणार."

आत बायका चकलीचं पीठ मळत होत्या. मी भट्टी पेटवणं थांबवलं आणि आमच्या राणे सरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "प्रशांतचा आकडा ना? मी त्यात गुपचूप वीस टक्के वाढवले होते."

ड्रॉइंग करणारी शिल्पा शेजारीच होती. "अय्या, मीपण चिमणीचा पाइप एक साइज मोठा घेतला!"

चिमणी बनवणारा मान खाजवत म्हणाला, "तो साइज मिळाला नाय मॅडम, मी त्याच्या वरचा लावलाय."

प्रशांतने तिथेच बसून पुन्हा हिशेब केला. चिमणी बरोब्बर बसत होती. हुश्श करून त्याने हात जोडले, "पुढच्या वेळी नक्की बरोबर आकडा देईन."

"नको रे बाबा," शिल्पा म्हणाली, "तू बरोबर दिलास, तर आम्हा सगळ्यांची भर पडून लालबागला परत कापडगिरणीची चिमणी उभी राहील!"