स्वतःले मोजायचं राह्यलं

मंडळी, रामराम. बसा, बसा. मागं उभ्या आहेत त्या मायबाईंनो, जराक पुढं सरका, सतरंजीवर जागा आहे. रशीदभाई, तुमी इथं माह्याजवळ बसा. एवढ्या उन्हात कामधंदा टाकून सगळे आले, माहं मन भरून आलं.

सरपंच म्हणाले, कंडक्टरसाहेब, तुमी दोन शब्द बोला. मी जल्मभर गाडीत दोनच शब्द बोललो, 'पुढं सरका'. त्याच्यावर भाषण होत नाही बाप्पा.  तरी बोलतो. नाही बोललो तर घरी जाऊन भिंतीशीच बोलायचं आहे, अन् भिंत काही हुंकार देत नाही.

सुमन गेली. माही बायको, तुमच्या लेकरांची अंगणवाडीची ताई. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं, अन् घरी आणलं ते चादरीत गुंडाळून. मले तर अजून वाटते, अंगणवाडीत उशीर झाला असंल, येईलच आता.

तिचं शिकवणं तुमी सगळ्यांनी पाह्यलं आहे. लेकराले उभं करून 'म्हण एक, म्हण दोन' असं ती कधी करायची नाही. ती म्हणायची, 'जा रे राजा, सगळ्याले एकएक वाटी देऊन ये.' वाटी उरली की विचारायची, काऊन उरली? कमी पडली की विचारायची, कोणाले नाही भेटली? लेकरू सगळ्याइच्या तोंडाकडं पाहत पाहत शोधायचं. मी चिडवायचो तिले. 'काय व सुमन, दिवसभर वाट्या वाजवतं, पाढे कधी घेशीन?' ती म्हणायची, 'आधी वाटी त्याच्या हाताले कळू द्या, पाढे कुठं पळून चालले?'

एकदा एक बाप आला अंगणवाडीत. नाव घेत नाही. तो इथंच बसेल आहे, अन् आत्ताच त्यानं मान खाली घातली. म्हणाला, 'ताई, माहं पोट्टं शंभरापर्यंत म्हणते.' पोट्ट्यानं म्हटलं बरं का, एका दमात! सुमननं टाळ्या वाजवल्या. मग म्हणाली, 'बाळा, मले चार बटाटे आणून दे.' पोट्ट्यानं आख्खं टोपलंच ओढत आणलं. सगळे हसलो. सुमन म्हणाली, 'भाऊ, लेकरू हुशार आहे. म्हणता येते, मोजणं बाकी आहे. रागावू नको त्याले. घरी भाजी निवडताना जवळ बसवत जाय.' अन् तो बसवायचा, हेही सांगतो, नाहीतर उद्या भांडशीन बे माह्याशी.

आता महत्त्वाचं ऐका. लहान लेकरांची एक गंमत असते. लेकरू सगळ्याले मोजते अन् स्वतःलेच सोडते. ताटं मांडाले सांगा. आई, बाबा, आजी, दादा, सगळ्याइची ताटं येतील. अन् मग ते स्वतः उभंच. सुमननं त्याच्यावर युगत काढली होती. मोजताना प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवायचा, अन् शेवटचा हात स्वतःच्या छातीवर. 'आन हे कोण?' असं विचारायची ती. लेकरू हसून म्हणायचं, 'मी!' तवाच मोजणं पुरं व्हायचं.

मी म्हणायचो, 'सुमन, मीबी असाच मोजतो.' मेहकर डेपोत नोकरी केली मी. गाडीतली डोकी मोजायची, टिकिटांशी ताळा लावायचा. त्यात ड्रायव्हर धरत नाहीत, कंडक्टरही धरत नाहीत. ती म्हणायची, 'ते गाडीत चालते. घरी काऊन तसं करता?' खरंच होतं तिचं. घरी पाहुणे आले की मी याले वाढ, त्याले वाढ करत फिरायचो. मग सैपाकघरातून हाक यायची, 'आवो, तुमी राह्यले ना जेवायचे!' ती हाक मारणारं आता घरात कोणी नाही.

आम्हाले लेकरू नाही, हे गावाले ठाऊक आहे. घर दोघांचं. तुमी सगळ्यांनी डबे पाठवले, हिंदूइच्या घरून आले, मुसलमानांच्या घरून आले. तुमचे लय उपकार आहेत. पण घास उतरत नव्हता हो. एकट्यासाठी ताट घ्यायचं, एकट्यानं धुवायचं, काऊन? मी ते डबे गाईले घालून राह्यलो होतो.

शेजारच्या रशीदभाईची नात सना तुमी पाह्यली आहे. अंगणवाडीतच जाते. रोज दिवेलागणीले ती आमच्या घरी यायची, ताटं मांडायले. एक आबाचं म्हणजे माहं, एक ताईचं, अन् मग छातीवर हात मारून एक सनाचं. तीन ताटं. तेवढा वेळ आमचं घर भरेल असायचं.

परवा तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावाले गेले. काल सांजेले रशीदभाई गंजभर खिचडी ठेवून गेले, अन् पोट्टी मागं राह्यली. मी एक ताट घेतलं, तिच्यापुढं ठेवलं, खिचडी वाढली. तिनं ताटाकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं.

'आबा, मोजा.'

मी म्हटलं, 'मोजलं न माय. एक सना, एक ताट. झालं.'

'नाही झालं.'

तिनं दोन्ही हातानं माहा पंजा उचलला, अन् माह्याच छातीवर आणून ठेवला. हुबेहूब ताईसारखी. अन् म्हणते कशी, 'आन हे कोण?'

मंडळी, चितेले अग्नी देताना नाही रडलो तेवढा मी काल रडलो. पोट्टी घाबरली नाही. उठली, दुसरं ताट घेऊन आली. मग मांडणीकडं पाहत उभी राह्यली. 'ताईचं?' मी म्हटलं, 'ताई नाही आता बेटा.' तिनं जरासा विचार केला. 'मग दोनच,' म्हणाली, अन् बसली जेवायले.

दोनच.  पण पोट्टी माह्या ताटाकडं पाहत होती, मी खातो का नाही म्हणून. मी काय करणार? खाल्लं.

अंगणवाडीत नवी ताई येईल तवा येईल. तवर तुमी एवढं करा. आज घरी गेल्यावर ताटं लेकराच्या हातानं मांडा. चुकू द्या त्याले. ओरडू नका. अन् ते स्वतःले विसरलं, तर त्याचा हात त्याच्या छातीवर नेऊन ठेवा. सुमनचं एवढं काम गावानं सोडू नये, असं मले वाटते.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. रशीदभाई, सनाले उचलून घ्या, तिले खालून दिसत नाही. सगळ्यांनी एक हात आपापल्या छातीवर ठेवा. लेकरांनो, तुमीबी.

सुमन, काल मी जेवलो व.