दोराचे दुसरे टोक

पोलीस ठाणे अर्जुनी, तहसील साकोली, जिल्हा भंडारा. ता. १८ सप्टेंबर १९३७, शनिवार, सकाळी अकरा वाजता.

माझे नाव भोजराज वल्द केवळराम कापगते, जात कोहळी, वय ४४ वर्षे, धंदा शेती व मालगुजारी, राहणार केशोरी.

हेड कॉन्स्टेबलसाहेबांनी विचारल्यावरून समक्ष हजर राहून सांगतो की, केशोरीचा मोठा तलाव माझ्या आजोबांनी बांधला. त्याचे पाणी धानाला सोडणारा पानकर दुधराम, वय अंदाजे पन्नास, हा माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे होता. तो गुरुवारी ता. १६ रोजी सकाळी तलावात बुडून मरण पावला. त्याविषयी मला माहीत आहे ते सांगतो.

तलावाच्या तळाशी पाणी सोडायचे दार असते, त्यास आम्ही तुडुम म्हणतो. पाणी खुणेच्या दगडाला लागले की पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, फुटू नये म्हणून पानकर कमरेला दोर बांधून बुडी मारतो व तुडुमाची खुंटी काढतो. दोराचे दुसरे टोक मालगुजाराने, म्हणजे गावाच्या मालकाने, स्वतः धरायचे, ही आमच्या घरची चाल आहे. माणूस आपल्या तलावासाठी पाण्यात उतरतो, तर दोर आपण धरावा, असे वडील सांगत. खालून दोन झटके आले की ओढून घ्यायचे. सतरा वर्षे मी तो धरला. दुसऱ्या कोणी धरला नाही.

सोमवारी ता. १३ रोजी मी नवी मोटार घेण्यास गोंदियाला गेलो. उन्हाळ्यात मुलीच्या लग्नाला व्याही मोटारीतून उतरले आणि त्यांच्या घरी मी छकड्यातून उतरलो. तेव्हापासून ते डोक्यात बसले होते.

स्टेशनजवळ मोटारीचे दुकान आहे. तेथे नंदलाल नावाचा विक्रीचा माणूस होता. माझे धोतर आणि चिखलाचे जोडे पाहून तो म्हणाला, "मालिक कब आएंगे?" मीच मालक, असे सांगितले तेव्हा हसला आणि बाकावर बसवून ठेवले. पाटलोण घालून आलेल्या प्रत्येकाला त्याने मोटारीचे दार उघडून दाखवले. मला चहा दिला, दार उघडले नाही. मंगळवारी म्हणाला, तुम्ही काल पसंत केलेली काळी मोटार विकली गेली, हिरवी घ्या. हिरवीची किंमत मी कबूल केली, तेव्हा सांगितले की हूड आणि जादा चाक त्यात धरलेले नाही. मी चिडलो. "काऊन थट्टा करून राहिले माही?" असे बोललो. तो म्हणाला, "सेठजी, कल सुबह चलाकर देखिए, फिर बोलिए." बुधवारी सकाळी गेलो तर मोटार कोणा डॉक्टरकडे दाखवायला गेलेली. ती संध्याकाळपर्यंत आली नाही. मी उठून यायला पाहिजे होते. पण तो मला पाहून हसला होता, आणि मोटार घेतल्याशिवाय त्याच्यासमोरून उठायचे नाही असा हेका मी धरला.

गावाकडून पाण्याचा निरोप मला मिळाला नाही.

गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास मोटार मिळाली. मुर्रीच्या रस्त्याला लागल्यावर नंदलालने जागा बदलून चाक माझ्या हाती दिले. पाच-सात मिनिटे मी चालवली. हॉर्न वाजवला. मला फार आनंद झाला, हे लपवत नाही. दुकानात परतल्यावर घेतो म्हणालो, तर उत्तर आले की ही दाखवायची मोटार आहे, विकायची नाही. नवी दिवाळीनंतर येईल. मी तेथूनच स्टेशनवर जाऊन आगगाडी पकडली.

संध्याकाळी केशोरीस पोचलो तेव्हा दुधरामचे प्रेत पाळीवर आंब्याखाली ठेवले होते. दोर आंब्याला बांधलेला तसाच होता. त्याची बायको अनुसयाबाई हिने सांगितले की, सकाळी आठ वाजता पाणी दगडाच्या चार बोटे वर चढले होते व पाळ झिरपू लागली होती. दुधराम दोर झाडाला बांधू लागला. ती म्हणाली, "मले दे दोर." तो म्हणाला, "नाई. तो मालकाच्या हातचा आहे. आंब्याले राहू दे." खुंटी निघाली, पाणी सुटले, पण ओढीत त्याचा पाय दारात अडकला. "दोर दोनदा हलला, मले दिसला," असे ती म्हणाली. ती धावली, ओरडली, एकटीने ओढू लागली. माणसे येईपर्यंत उशीर झाला होता. दोर तुटला नाही, गाठही सुटली नाही. झाडाला झटका समजत नाही.



वरील जबाब मला वाचून दाखवण्यात आला. निरोप मिळाला नाही, या वाक्यापाशी मी साहेबांना थांबवले. ते वाक्य खोटे आहे. खोडू नये, तसेच राहू द्यावे आणि पुढचे लिहावे.

बुधवारी दुपारी गावचा कोतवाल छोटेलाल दुकानात आला. म्हणाला, "मालक, पानी दगडाले लागून राहिलं. दुधरामनं सांगितलं, तीनच्या गाडीनं या." नंदलाल ऐकत होता. मी म्हणालो, "त्याले सांग, तूच पाहून घे. मी उद्या येतो." छोटेलाल हलला नाही. मी त्याच्यावर ओरडलो, तेव्हा तो गेला. मालक सापडले नाहीत, असे त्याने काल येथे सांगितले, ते मीच त्याला पढवले. त्याची नोकरी जाऊ नये. दोष माझा आहे.

दुधराम दोर आंब्याला बांधत होता तेव्हा माझे दोन्ही हात मोटारीच्या चाकावर होते. मला लाज वाटते.

हे पुन्हा वाचून दाखवले. आता मी सांगितले तसेच आहे. बाहेर ओट्यावर अनुसयाबाई बसली आहे. तिलाही वाचून दाखवावे. माझ्याने सांगवत नाही.

सही : भोजराज केवळराम कापगते