कमी वीज खाणारा फ्रीज

वीजबिलाच्या रांगेत माझ्यापुढे दोघे शेजारी उभे होते.

"अध्यक्षसाहेब, कमी वीज खाणारा फ्रीज आला म्हणे बाजारात."

"येणारच. अख्खी वसाहत मी एक केली. कंपनीला ठणकावून सांगितलं, तुम्ही बनवा, आम्ही सगळे घेतो."

"मग घेतला कुणी?"

"अजून कुणी नाही. जो तो म्हणतो, आधी शेजाऱ्याकडे नीट चालू दे."

"आणि तुम्ही?"

"माझं काम मागणी करायचं. शिवाय आमचा जुना अजून ठणठणीत आहे."

"तो रात्रभर घरघरतो, साहेब. भिंतीपलीकडे आमच्या डोळ्याला डोळा लागत नाही."

"म्हणून तर आता बिनआवाजाचा फ्रीज मागणार आहोत. तुम्ही आहात ना आमच्यात?"