आधी पाहिलेला दिवा

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. उजेड दिव्यात असतो, की बघणाऱ्याच्या डोळ्यात? हसू नका! "बुवा, डोळ्यात काय वात पेटते का?" असं ज्यांना वाटतंय त्यांनी हात वर करा बघू... बरेच आहेत की! बरं, घ्या खाली. गोष्ट संपली की पुन्हा विचारीन.

कोकणातलं एक गाव. डोंगराच्या उतारावर वरची वाडी, खाडीच्या काठाला खालची वाडी, आणि दोन्हींच्या मध्ये लक्ष्मीनारायणाचं देऊळ. पुजारी जनार्दन गुरव — सरळ माणूस, राहायला वरच्या वाडीत. त्याची धाकटी बहीण भागीरथी, ती दिलेली खालच्या वाडीत. 

आता त्या गावची रीत ऐका. त्रिपुरी पौर्णिमा, दिवेलागणीची वेळ. सभामंडपातले विजेचे दिवे बंद! एका टोकाला वरच्या वाडीचा दिवा, दुसऱ्या टोकाला खालच्या वाडीचा. तेल देवळाचं, समई सारखी, पण वात ज्याची त्याने वळायची. ज्या वाडीचा दिवा जास्त उजळ, तिच्या खांद्यावर पालखीचा पुढचा दांडा. निवाडा कोणाचा? गुरवाचा. आणि निवाड्यात आपला-परका येऊ नये म्हणून गुरवाने आधी गाभाऱ्याचं दार लावून अंधारात बसायचं. डोळे मिटायचे, नाम घ्यायचं, मनातली सगळी नातीगोती बाहेर जाईपर्यंत. मग बाहेर येऊन आधी उजवीकडचा दिवा बघायचा, नंतर डावीकडचा. उजवीकडे वरची वाडी, डावीकडे खालची. पूर्वापार!

किती सुंदर रीत! निवाडा करणाऱ्याने आधी स्वतःचं मन झाडून घ्यायचं. पण गंमत बघा — दरसाल जिंकायची वरचीच वाडी.

खालच्या वाडीत कुजबुज व्हायची, "गुरव राहतो कुठे, ते बघा म्हणजे कळेल." जनार्दनाला ते लागायचं. देवाशपथ, तो जे दिसे तेच सांगायचा! पुढे एका वर्षी खालच्या वाडीची वात वळली भागीरथीने. तिच्या हातची वात म्हणजे काय सांगू — रेशमाचा पेळू! आणि भावाने भरल्या मंडपात सांगितलं, "खालचा दिवा मंद आहे."

त्यानंतर भागीरथी भाऊबीजेला आली नाही. जनार्दन पाट मांडायचा, रांगोळी घालायचा, दुपार कलेपर्यंत दाराकडे बघत बसायचा. मग पाट उचलून भिंतीला लावायचा. मंडळी, ज्याला एकच बहीण आहे त्याला विचारा, तो पाट उचलताना किती जड लागतो. 

अशी वर्षं गेली. एका पौर्णिमेला जनार्दन गाभाऱ्याकडे निघाला, तर खांबापाशी भागीरथी उभी. हातात कागदाची पुडी.

"दादा, करंज्या आहेत. भाऊबीजेला आले नव्हते ना."

त्याने पुडी घेतली. 

"एक मागू?" ती म्हणाली. "यंदा आधी आमच्या दिव्याकडे बघ. जिंकवू नको हो. नुसतं आधी बघ."

नाही कसं म्हणणार? रीत मोडत होती, पण देव काय उजवं-डावं मोजत बसणार होता? जनार्दन आत बसला, नाम घेतलं, दार उघडलं आणि वळला डावीकडे.

काय तो उजेड! डोळ्यांना पाणी आलं त्याच्या. मग उजवीकडे बघितलं, तर वरच्या वाडीचा दिवा काजळी धरल्यासारखा. "खालची वाडी!" — त्याच्या तोंडून निघून गेलं. ढोल सुरू झाले, खालच्या वाडीची माणसं नाचू लागली. भागीरथी पदराने डोळे पुसत होती.

आणि जनार्दन तिथेच थबकला. दिवे तेच. तो तोच. बदललं काय? फक्त आधी कोणाकडे बघितलं तेवढंच!

मंडळी, उन्हातून घरात शिरलात की क्षणभर घरातली बायको दिसत नाही. काही जणांना ती नंतरही दिसत नाही, पण तो वेगळा विषय! उलट अंधारातून आलेला डोळा भुकेला असतो. पहिला उजेड तो घटाघटा पितो. दुसऱ्यापर्यंत त्याची भूक मेलेली. अहो, आकाशातल्या ताऱ्यांनाही जुन्या लोकांनी डोळ्यानेच प्रती लावल्या, पहिलीपासून सहावीपर्यंत. पुढे यंत्रं आली तेव्हा कळलं की पहिल्या प्रतीचा तारा सहावीच्या शंभरपट तेजस्वी! डोळ्याला वाटल्या पाच पायऱ्या. डोळा लबाड नाही हो, पण तो तराजूही नाही.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? गप्प बसलं की बहीण परत मिळते. गाव खूश. विचारणारं कोणी नाही!

जनार्दनाने हात वर करून ढोल थांबवला. "माझं चुकलं असेल," तो म्हणाला. "दिव्याचं नाही, डोळ्याचं." आणि सगळं सांगून टाकलं.

गर्दीत हर्डीकर बाई होत्या, हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "गुरव, शाळेत आम्ही तेलाचा डाग पडलेला कागद दोन दिव्यांच्या मध्ये धरायचो. दोन्हीकडून उजेड सारखा पडला की डाग दिसेनासा होतो. कमीजास्त असला की दिसतो."

डागाचा कागद कुठून आणायचा? करंज्यांच्या पुडीला तुपाचा डाग पडला होता! करंज्या ताटात काढल्या, कागद मंडपाच्या बरोबर मध्यावर धरला. खालच्या वाडीच्या बाजूने बघितलं, तर डाग लख्ख चमकत होता. म्हणजे पलीकडून, वरच्या वाडीकडून, उजेड जास्त येत होता. कागद खालच्या दिव्याकडे वीतभर सरकवला, तेव्हा कुठे डाग पुसल्यासारखा झाला.

जनार्दनाने भागीरथीकडे बघितलं. तरी तो बोलला. "यंदा वरच्या वाडीचा दिवा उजळ आहे. थोडासाच, पण आहे."

"आम्ही कधीपासून सांगतोय!" वरच्या वाडीतून कोणी ओरडलं.

"मागचं बोलू नका," जनार्दन म्हणाला. "मागचे उजेड विझले. ते मला आता मोजता येणार नाहीत. भागी, तुझा दिवा मी मंद म्हटला होता. तो मंद होता की नाही, मला ठाऊक नाही. ठाऊक नसताना बोललो."

भागीरथी उठली. हरलेल्या आपल्या समईवर तिने निरांजन पेटवलं, ताटात ठेवलं आणि भावासमोर येऊन म्हणाली, "दादा, टोपी घाल." आणि भाऊबीज उलटून गेलेली असताना, भरल्या मंडपात, तिने त्याला ओवाळलं. पालखीचा दांडा त्या वर्षी वरच्या वाडीनेच धरला, पण जनार्दनाला पालखी निघालेलीही कळली नाही.

म्हणा एकदा, नारायण, नारायण...

तर मंडळी, पुन्हा विचारतो. उजेड कुठे असतो? आता एकही हात वर नाही! मग मीच सांगतो. उजेड दिव्यातच असतो, पण कमीजास्त ठरवतो आपण, आणि आपला डोळा कोणावर तरी आधीच खर्च झालेला असतो. कोणाच्या घरी थोरला मुलगा आधी दिसतो, कोणाच्या घरी मुलगा आधी आणि मुलगी नंतर. कोणी सगळं जग बघून दमल्यावर बायकोकडे बघतो, आणि म्हणतो हिच्यात काही तेज नाही!

आता बुक्का लावा, प्रसाद घ्या, आणि घरी जा. दार उघडल्यावर रोज ज्या माणसाकडे सगळ्यात शेवटी बघता, त्याच्याकडे आज आधी बघा. जिंकवू नका. नुसतं आधी बघा.